'शुड'ची विभक्ती

काशीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या पट्ट्यात पेशवाईच्या काळापासून मराठी घरे आहेत. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि पाठशाळेत संस्कृत अशी त्यांची तऱ्हा. १७९१ साली स्थापन झालेल्या काशीच्या संस्कृत महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकात इंग्रजीही येऊन बसली. तिथला प्राचार्य जेम्स बॅलंटाइन याने काशीला येण्यापूर्वीच, १८३९ मध्ये, मराठीचे व्याकरण लिहिले होते. पुढे १८४९ मध्ये त्याने 'लघुकौमुदी' इंग्रजी भाषांतरासह काढली. अशा ठिकाणाहून पाहिले की इंग्रजीतून मराठीत येताना वाक्याचे नेमके काय बिनसते, ते लवकर कळते.

एक साधे वाक्य घेऊ : 'यू शुड हॅव गॉन डाउन टू द घाट विथ हर.' यातला 'विथ' पुढे येताच 'शी'ची 'हर' झाली. 'शुड' मात्र 'यू'च्या जागी 'ही' घातला तरी त्याला हात लावत नाही. 'ही' कर्ता म्हणून ताठ उभा राहतो. म्हणजे इंग्रजी सर्वनाम प्रीपोझिशनपुढे वाकते, मोडल क्रियापदापुढे वाकत नाही. मराठी सर्वनाम दोन्हींपुढे वाकते. 'बरोबर' लागले की 'ती'ची 'तिच्या' होते आणि कर्तव्य आले की 'तो'चा 'त्याने' किंवा 'त्याला' होतो.

हे मराठीने कुठून आणले, ते दुर्गाघाटावरच्या जुन्या शास्त्र्याला सांगावे लागले नसते. 'तेन गन्तव्यम्' आणि 'त्याने जावे' यांची ठेवण एकच आहे : कर्तव्य क्रियापदात आणि कर्ता तृतीयेत. शेजारची हिंदी 'उसे जाना चाहिए' म्हणते; प्रमाण हिंदीत इथे 'को'चाच मार्ग. मराठीला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत आणि त्यांतून अर्थ फुटतो. 'तू तिच्याबरोबर घाट उतरायला हवं होतंस' यात बोट तुझ्याकडे आहे. क्रियापदाच्या शेवटचा 'स' ते बोट रोखून धरतो. 'तुला उतरायला हवं होतं' यात तोच ठपका सौम्य होतो, जणू परिस्थितीच तशी होती. 'तुला उतरावं लागलं' म्हटले तर तू उतरलासच. इंग्रजी हा शेवटचा फरक 'शुड हॅव' आणि 'हॅड टू' असा करते. पहिल्या दोहोंतला फरक मात्र तिला स्वरावर सोडावा लागतो.

आजच्या अनुवादित मराठीविषयी माझी तक्रार इथे सुरू होते. 'कॅन', 'मे', 'माइट', 'कुड' या सगळ्यांना आपण 'शकणे' या एकाच खुंटीवर टांगतो. 'पाऊस पडू शकतो', 'तुम्ही आत येऊ शकता', 'ती चढू शकत नाही' ही वाक्ये कानाला आता खटकतही नाहीत. पण घाटाच्या पायऱ्यांशी थांबलेल्या म्हातारीबद्दल मराठी किती नेमके बोलते पाहा. 'तिच्याने पायऱ्या चढवत नाहीत' यात शरीर थकले आहे. 'तिला पायऱ्या चढता येत नाहीत' यात कारण पायऱ्यांचेही असेल, पायाचेही. 'ती पायऱ्या चढू शकत नाही' हे वाक्य चूक नाही. फक्त त्यातली म्हातारी पुसट झाली आहे. 'आत येऊ शकता'पेक्षा 'आत यायला हरकत नाही' म्हणणारा यजमान जिवंत वाटतो, तोही याच कारणाने.

'वी मस्ट'चा पेच याहून कठीण आहे. 'मस्ट'ला शब्द शोधण्याआधी अनुवादकाला 'वी' कोण हे ठरवावे लागते. 'आपल्याला करायला हवं' म्हटले तर वाचकही कामाला लागतो. 'आम्हाला करावं लागेल' म्हटले तर तो प्रेक्षक राहतो. इंग्रजी लेखकाने ही निवड केलेली नसते. त्याच्या भाषेने त्याला विचारलेलीच नसते. ती अनुवादकाच्या अंगावर येते, आणि कित्येकदा तो ती टाळून 'करणे आवश्यक आहे' असे लिहून मोकळा होतो. तिथे कर्ताच उरत नाही.

'नदी स्वच्छ होणे आवश्यक आहे' हे वाक्य आपण हजारदा वाचले असेल. त्याला व्याकरणाचा दोष लावता येणार नाही. दुर्गाघाटाच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून ते वाचणाऱ्याला मात्र एवढेच विचारावेसे वाटेल : कोणी?