कपाळामागची रेषा

सायनसच्या एक्स-रेचं रसग्रहण काळ्या रंगापासून सुरू करावं. फिल्मवर हाड पांढरं उमटतं, हवा काळी. आणि इथे पाहायची असते ती हवाच.

गालामागच्या पोकळ्या जन्मतःच असतात. कपाळामागच्या मात्र सवडीनं येतात. सहा-सात वर्षांच्या सुमारास त्या फिल्मवर दिसू लागतात आणि विशीच्या आसपास स्थिरावतात. या चित्रातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे त्यांची वरची कड. आसनगावहून माहुलीचे सुळके दिसतात तशी ती उंचसखल धावते. मधला पडदा बहुधा एका अंगाला कललेला, त्यामुळे डावं-उजवं जुळत नाही. काहींच्या कपाळात तर एका बाजूची पोकळी नसतेच.

ही कड बाईची की पुरुषाची? सरासरीत पुरुषांचे सायनस मोठे भरतात. मुळात त्यांची कवटीच मोठी असते. पण दोन्हींची मापं एकमेकांत बरीच मिसळतात. ऐसपैस सायनसची बाई आणि चिमुकल्या सायनसचा बाप्या, दोघंही सहज भेटतात. शिवाय मापं लोकसमूहागणिक बदलतात. परमुलखातल्या कवट्यांवरून आखलेली सीमारेषा शहापूरच्या कातकरणीला किंवा मुरबाडच्या ठाकरणीला लावली, तर निदान चुकू शकतं.

इथे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवटीच्या डाव्या-उजव्या असमानतेवर पीएच.डी. केली. या असमानतेचं नातं वंशाशी जोडावं, ही गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं नातं दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. गटाचं लेबल आधी चिकटवून हाडाकडे पाहू नये, हा धडा सायनस वाचतानाही उपयोगी पडतो.

कारण ही कड माणसागणिक वेगळी असते. सिंधू नदीत सापडलेल्या एका अमेरिकन माणसाचा मृतदेह त्याच्या जुन्या एक्स-रेशी ताडून ओळखला गेला. कल्बर्ट आणि लॉ यांनी १९२७मध्ये ते प्रकरण प्रसिद्ध केलं. उद्या माळशेज किंवा कसारा घाटात एखादी बेवारस कवटी मिळाली, तर सायनसचं माप ‘बाई असावी’ एवढंच, तेही चाचपडत सांगेल. तिच्या घरच्या पेटीत सर्दीच्या दुखण्यात काढलेली जुनी फिल्म असेल, तर मात्र नाव सांगता येईल.