तारपावादनाचे शिक्षण आणि संगीतभानाची कसोटी : एक चिकित्सा

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला पालघर जिल्हा सागरी, नागरी व डोंगरी अशा तीन प्रदेशांचा बनलेला आहे. वैतरणेच्या मुखाजवळील दातिवऱ्यापासून तारापूर-बोईसरच्या औद्योगिक पट्ट्यातून पूर्वेकडे जव्हारच्या डोंगरांपर्यंत जाताना बोली बदलते, पेहराव बदलतो आणि वाद्येही बदलतात. या विविधतेतून जिल्ह्याची सांस्कृतिक खूण म्हणून प्रामुख्याने पुढे आला तो वारली, कोकणा, मल्हार कोळी या आदिवासी समाजांचा तारपा. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि युवा महोत्सवांत तारपा नृत्य आवडीने सादर केले जाते. मात्र अनेकदा रंगमंचावर तारपा वाजवणारा नसतो. ध्वनिमुद्रित चालीवर विद्यार्थी पावले टाकतात. नृत्य शिकवले जाते, पण वादन शिकवायचे राहून जाते. अशा स्थितीत हे वाद्य शिकू इच्छिणाऱ्याने चांगले शिक्षण कशास म्हणावे आणि खरी सांगीतिकता कोठे शोधावी, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

वाद्याची घडण व शिक्षणाचा आरंभ

तारपा हे सुषिर वाद्य आहे. वाळवून पोकळ केलेला लांबट दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, त्यांत बसवलेल्या बांबूच्याच जिभा, सांधे बुजवण्यासाठी मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. प्रत्येक भोपळ्याचा आकार निराळा असल्याने दोन तारप्यांचा नाद तंतोतंत जुळत नाही. पेटीच्या पट्टीवर वाद्य लावून घ्यावे आणि मग शिकावे, हा क्रम येथे लागू पडत नाही.

त्यामुळे तारप्याच्या शिक्षणाचा आरंभ भोपळा निवडण्यापासून होतो. जीभ किती तासावी, मेण कोठे लावावे, नाद घोगरा झाल्यास काय करावे, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. या कामातूनच शिकणाऱ्याचा कान तयार होतो. बाजारातून तयार वाद्य आणून केवळ बोटे कोठे ठेवावीत एवढेच शिकवणारी कार्यशाळा या पहिल्या पायरीला वगळते. तिच्यातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला चाल येते. पण वाद्य बिघडले की त्याचे संगीतही थांबते.

श्वास आणि सातत्य

दुसरी पायरी श्वासाची. गालांत साठवलेली हवा वाद्यात सोडत असतानाच नाकाने श्वास घेण्याचे तंत्र तारपावादकाला साधावे लागते. नाद तुटला तर नाचणाऱ्यांचे पाऊलही तुटते. हे तंत्र शब्दांनी समजावता येते, मात्र ते अंगी बाणण्यास वेळ आणि सहवास लागतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे ही विद्या घरातूनच आली. लहानपणापासून कानावर पडणारा नाद, घरात घडणारे वाद्य आणि वडीलधाऱ्यांचे वादन हाच तेथील अभ्यासक्रम होता. दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेची या दीर्घ सहवासाशी तुलनाच होऊ शकत नाही, हे आयोजकांनी प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे.

रिंगण : परीक्षकाची जागा

डहाणू तालुक्यातील गंजाड येथील चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी वारली चित्रकलेला जगभर ओळख मिळवून दिली. तारपा नृत्याचे वर्तुळाकार, गुंडाळत जाणारे रिंगण हा या चित्रकलेचा सुपरिचित विषय आहे. सजावटीचा नमुना म्हणून ते आता पिशव्यांपासून भिंतींपर्यंत सर्वत्र दिसते. तथापि त्याकडे संगीतशिक्षणाच्या दृष्टीने पाहिल्यास एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. या चित्रातील वादक मंचावर नसतो. तो रिंगणाच्या आत असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरत असतात.

प्रत्यक्षातही हेच घडते. हातात हात गुंफलेले स्त्रीपुरुष वादकाकडे पाठ न करता फिरतात, म्होरक्या काठी आपटून ठेका धरतो आणि वादकाने चाल बदलताच पावले बदलतात. चाल योग्य जागी बदलली तर रिंगण सहज वळते. घाई झाली तर ते अडखळते. वादकाला आपल्या वादनाचा निर्णय तत्क्षणी समोरच्या पावलांत दिसतो. तारप्यापुरते बोलायचे तर सांगीतिकता म्हणजे रिंगणाला चालते ठेवण्याची जाण होय. ती एकट्याने बंद खोलीत रियाज करून पूर्णतः साध्य होणारी नाही. याच कारणाने ध्वनिमुद्रित चालीवरील नृत्य अपुरे ठरते : तेथे पावले नादाचे ऐकतात, नाद मात्र पावलांचे ऐकू शकत नाही.

संस्थात्मक शिक्षणाचे योगदान व मर्यादा

याचा अर्थ संस्थात्मक शिक्षण त्याज्य आहे असा नव्हे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी स्वरलिपी व क्रमिक पुस्तकांद्वारे घराण्यांत बंदिस्त असलेली विद्या सामान्य विद्यार्थ्यापर्यंत आणली. जन्माने कलावंत नसलेल्यांसाठी दार उघडणे हे त्या कार्याचे मोठेपण आहे. तारप्याच्या परंपरेलाही अशा उघड्या दाराची गरज आहे. वादन प्रामुख्याने पुरुषांकडे आणि ठरावीक घरांकडे राहिले. कारखान्याच्या पाळीत काम करणाऱ्या तरुणाला वडिलांशेजारी बसण्याची सवड राहिलेली नाही. केवळ घरावर विसंबून ही विद्या टिकेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

मात्र रागसंगीतासाठी घडवलेली साधने तारप्यावर जशीच्या तशी लादता येत नाहीत. डॉ. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, कला आदी संगीतकोटींचा भेद मांडून प्रत्येक कोटीचे निकष वेगळे असल्याचे दाखवले. प्रारंभिक ते अलंकार अशी परीक्षांची उतरंड कलासंगीतात उपयुक्त आहे; कारण तेथे एकल सादरीकरणाला स्थान आहे. तारप्याची परीक्षा टेबलामागे बसलेल्या परीक्षकाने घेतल्यास, जी गोष्ट तपासायची तीच परीक्षेबाहेर राहील.

समारोप

वरील विवेचनावरून तारप्याचा गुरू निवडताना तीन प्रश्न विचारावे लागतील. तो शिष्याकडून वाद्य घडवून घेतो काय? नाद अखंड राहीपर्यंत थांबण्याची त्याची तयारी आहे काय? आणि तो शिष्याला रिंगणात उभे करतो काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगला कारागीर व धीराचा शिक्षक देऊ शकेल. तिसऱ्याचे उत्तर समाजाशिवाय कोणालाही देता येणार नाही.

महाविद्यालयांसाठी यातून एक व्यावहारिक सूचना निघते. जाणत्या तारपावादकाला दीपप्रज्वलनाच्या वेळी शाल-श्रीफळ देऊन निरोप देण्याऐवजी मानधनासह पूर्ण वर्षासाठी अध्यापक म्हणून बोलवावे. पावसाळ्यात भोपळ्याचा वेल लावण्यापासून वर्षाचा आरंभ व्हावा आणि मूल्यमापन पाड्यावरील रिंगणात व्हावे. विद्यार्थिनींनाही वादनाची संधी मिळावी. गुणपत्रिकेवर कोणता आकडा पडेल हा प्रश्न नंतर सोडवता येईल. वाद्य हाती घेणारा विद्यार्थी आणि त्याच्या नादावर फिरणारी पावले एकत्र आणणे, हे काम मात्र जाणते वादक हयात आहेत तोवरच शक्य आहे.