'बुडणे' आणि 'बुडविणे' : पेशवाईच्या अखेरीविषयीच्या लेखनाची मीमांसा

सन १८१७-१८ मधील घडामोडींचे वर्णन मराठीत प्रामुख्याने दोन क्रियापदांच्या आश्रयाने होत आले आहे. 'पेशवाई बुडाली' हे एक आणि 'बाजीरावाने राज्य बुडविले' हे दुसरे. पहिले क्रियापद अकर्मक आहे. त्यात राज्य हेच कर्ता, आणि बुडणे ही जणू त्याची आपोआप घडलेली क्रिया. दुसरे प्रयोजक आहे. त्यात कर्ता एकच मनुष्य, आणि सारे राज्य त्याचे कर्म. पहिल्यात दैवाचा सूर आहे, दुसऱ्यात दोषारोपाचा. वरवर पाहता ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात. परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण ऐकमत्य आहे. सत्ता कोणाच्या हातून कोणाच्या हाती, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांनी गेली, हे सांगण्यास दोहोंतही जागा नाही. याउलट १८४८ साली सातारचे राज्य गेले, त्याविषयी लिहिताना आपण ते 'खालसा झाले' असे म्हणतो. 'खालसा' हा दप्तरातला शब्द आहे. तो उच्चारताच खालसा करणारा, त्याचा हुकूम आणि हुकमाची तारीख यांची अपेक्षा उत्पन्न होते. पेशवाईच्या बाबतीत ही अपेक्षा उत्पन्न होत नाही आणि त्यामुळे पुरीही केली जात नाही. या क्रियापदांनी इतिहासाचा कोणता भाग झाकला गेला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयावरील समीक्षेची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ग्रँट डफचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि थोड्याच वर्षांत 'मराठ्यांची बखर' या नावाने तो मराठीत आला. पुढे नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यावर टीका लिहून मराठीतील इतिहाससमीक्षेचा पाया घातला. पेशवाईच्या अखेरीस शंभर वर्षे झाली त्या वेळी, म्हणजे १९१८ साली, न. चिं. केळकरांचा 'मराठे व इंग्रज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या सर्व लेखनाचे ऋण मोठे आहे. परंतु त्यातून वाचकांच्या मनात रुजलेला मुख्य प्रश्न 'राज्य का गेले?' हा आहे. कारणांचा शोध सुरू झाला की फूट, कवायती फौजेचा अभाव, सरदारांचा स्वार्थ, बाजीरावाचा स्वभाव अशी यादी तयार होते. 'राज्य कसे गेले?' हा प्रश्न त्या यादीआड राहतो.

घटनांचा क्रम सर्वपरिचित असला, तरी तो येथे पुन्हा मांडणे अवश्य आहे, कारण सारा मुद्दा क्रमाचाच आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि संगमावरील रेसिडेन्सी जाळली गेली. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. बाजीराव फौजेसह बाहेर पडला आणि इंग्रजांच्या पलटणी त्याच्या मागे लागल्या. १८१८ च्या फेब्रुवारीत, १० तारखेला, साताऱ्याचा किल्ला पडला. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ११ फेब्रुवारी रोजी, एल्फिन्स्टनने आपला जाहीरनामा काढला. त्यानंतर सुमारे नऊ दिवसांनी आष्टीची लढाई झाली. तीत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला तो ३ जून १८१८ रोजी.

या क्रमात सातारच्या जाहीरनाम्याचे स्थान विलक्षण आहे. आरंभी त्यात बाजीरावाच्या कारकीर्दीचा पाढा आहे: कंपनीने त्याला गादीवर पुन्हा बसविल्याची कथा, गंगाधरशास्त्र्यांचा खून, त्रिंबकजी डेंगळ्याला दिलेला आश्रय आणि शेवटी रेसिडेन्सीवरील हल्ला. या पाढ्यातून निष्कर्ष असा काढला आहे की, बाजीरावाचे राज्य संपले असून मुलूख कंपनीच्या ताब्यात राहील. सातारच्या राजांची बाजीरावाच्या कैदेतून सुटका करून त्यांना स्वतंत्र राज्य दिले जाईल, असेही आश्वासन त्यात आहे. ज्या दिवशी हे लिहिले गेले त्या दिवशी बाजीराव मोकळा होता, त्याचा सेनापती जिवंत होता आणि ज्यांना राज्य द्यावयाचे ते छत्रपती बाजीरावाच्याच छावणीत होते. म्हणजे वर्तमानात जे अद्याप घडलेले नव्हते, ते जाहीरनाम्याने घडलेले म्हणून सांगितले. पेशव्यांची सत्ता रणांगणावर संपण्यापूर्वी ती वाक्यात संपविण्यात आली.

हे वाक्य पोकळ ठरू नये याची तजवीजही त्याच जाहीरनाम्यात आहे. बाजीरावाच्या चाकरीतील लोकांनी दोन महिन्यांच्या आत घरी परतावे, न परतल्यास त्यांची वतने जप्त होतील. बाजीरावाला दिलेला वसूल मजुरा धरला जाणार नाही. वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांचे खर्च चालू राहतील. ही कलमे बाजीरावाला उद्देशून नाहीत. ती शिलेदाराला, देशपांड्याला, पाटलाला, देवस्थानच्या पुजाऱ्याला उद्देशून आहेत. निष्ठेचा प्रश्न येथे वतनाच्या आणि मुदतीच्या प्रश्नात रूपांतरित झाला. पुढे पटवर्धनादी दक्षिणेकडील जहागीरदारांनी कंपनीशी निरनिराळे करार केले. 'बुडाली' या एका शब्दात जे मावते असे आपण मानतो, ते प्रत्यक्षात गावोगाव, घरोघर झालेल्या अशा असंख्य निर्णयांतून घडले.

बाजीरावाला या डावाची जाण नव्हती असे म्हणता येत नाही. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव आधी येई आणि पेशवे स्वतःला त्यांचे प्रधान म्हणवीत. सत्ता पुण्यात आणि पदवी साताऱ्यात, ही व्यवस्था शांततेच्या काळात सोयीची होती. युद्धात तीच धोक्याची ठरली, कारण शत्रूने पदवी उचलली की प्रधानाची सत्ता निराधार होते. बाजीरावाने छत्रपतींना छावणीत बरोबर बाळगले ते याच भीतीने. म्हणून आष्टीच्या लढाईचे महत्त्व दुहेरी आहे. आपले लेखन बापू गोखल्यांच्या मरणापाशी थांबते, आणि ते मरण त्या योग्यतेचे आहेच. परंतु राज्याच्या दृष्टीने त्या दिवशीची अधिक निर्णायक घटना म्हणजे छत्रपतींचे हस्तांतर होय. जाहीरनाम्यातील आगाऊ वाक्य त्या दिवशी खरे झाले.

असा प्रकार आपल्याच इतिहासात घडला असे नाही. याची दुसरी बाजू बरोबर शंभर वर्षांनंतरच्या जर्मनीत पाहावयास मिळते. १९१६ पासून तेथील युद्धाची सूत्रे हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ यांच्या हाती गेली होती. कैसर विल्हेल्म दुसरा हा नावाचा सर्वाधिकारी उरला होता. सत्ता आणि पदवी यांची ही फारकत सातारा-पुण्याची आठवण करून देणारी आहे. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी बेल्जियममधील स्पा येथे सेनापती ग्रोनर याने कैसरला सांगितले की, फौज आपल्या सेनाधिकाऱ्यांच्या हुकमाखाली घरी परतेल, आपल्या हुकमाखाली नाही. सम्राटपद सोडून प्रशियाचे राजेपद राखता येईल का, याचा विचार कैसर करीत होता. वास्तविक राज्यघटनेप्रमाणे ती दोन्ही पदे एकत्र बांधलेली होती. हा विचार चालू असतानाच बर्लिनमध्ये चॅन्सेलर प्रिन्स माक्स फॉन बाडेन याने कैसरने सिंहासन सोडल्याचे जाहीर करून टाकले. दुसऱ्या दिवशी कैसर हॉलंडमध्ये गेला, आणि त्यागपत्रावर त्याची सही झाली ती २८ नोव्हेंबरला. तेथेही वाक्य आधी आणि घटना नंतर. भेद एवढाच, आणि तो लहान नाही, की तेथे राजाच्या वतीने त्याचा स्वतःचा मंत्री बोलला. येथे मंत्र्याच्या विरुद्ध, राजाच्या नावाने, परका बोलला.

भाषेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक शब्द विचारात घ्यावासा वाटतो. 'सरकार' हा शब्द पेशव्यांच्या दप्तरात पुण्याच्या सत्तेला लावला जाई. राज्य गेल्यावर हा शब्द गेला नाही. 'कंपनी सरकार' असे म्हणून त्याच मराठीने तो नव्या धन्यास दिला. कुळाने वसूल द्यावयाचा तो पूर्वीही सरकारात आणि नंतरही सरकारातच. नाव न बदलल्यामुळे धनी बदलल्याची जाणीव पुष्कळांना उशिरा झाली असल्यास नवल नाही. 'बुडाली' हे क्रियापद या सातत्याशीही विसंगत आहे. जे बुडते ते नाहीसे होते. येथे तर वसुलीची यंत्रणा, वतने आणि शब्द यांपैकी बरेचसे शाबूत राहून फक्त त्यांचा मालक बदलला.

या विवेचनावर असा आक्षेप येऊ शकेल की, यातून बाजीरावाची सुटका होते. तो हेतू नाही आणि तसा परिणामही होत नाही. १८०२ च्या वसईच्या तहाने परक्या फौजेचे ओझे त्याने स्वतः पत्करले. १३ जून १८१७ च्या तहाने मराठमंडळाचे पुढारीपणही त्यानेच सोडले. त्याच्या उणिवांचा पुरावा भरपूर आहे. परंतु 'पळपुटा' हे एक विशेषण लावले म्हणजे सारा हिशेब चुकता झाला, ही समजूत मात्र सोडली पाहिजे. त्या विशेषणाने एका माणसाची चाल दिसते. त्या चालीच्या दोन्ही बाजूंना मुलूख कसा हस्तांतरित होत होता, हे त्याने दिसत नाही. शिवाय सर्व दोष एकावर ठेवल्याने इतर सर्वांचे निर्णय विचाराबाहेर राहतात, आणि ही सोय जाहीरनाम्याच्या कर्त्याला हवी होती तशीच आहे. त्याच्याही मांडणीत दोषी एकच आहे. आपले प्रयोजक क्रियापद नकळत त्याच मांडणीचा पुनरुच्चार करते.

माल्कमपाशी झालेल्या ठरावाने बाजीरावाने पुण्याच्या राज्यावरील हक्क स्वतःसाठी आणि वारसांसाठी सोडला व वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेतली. १८५१ साली तो ब्रह्मावर्तास वारला. सहाच वर्षांनी त्याच्या दत्तक पुत्राने, नानासाहेबांनी, तेथेच पेशवेपद धारण केले. सोडलेला हक्क शब्दाच्या रूपाने जिवंत राहिला होता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? तेव्हा पेशवाईच्या अखेरीच्या अभ्यासात लढायांच्या बरोबरीने जाहीरनामे, ठराव, शिक्के आणि संबोधने यांचे तारीखवार वाचन व्हावयास हवे. 'कोणी बुडविले?' या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षे तयारच आहे. कोणी, केव्हा, कोणाच्या नावाने घेतले आणि कोणी मुकाट्याने दिले, या प्रश्नांची उत्तरे दप्तरांतून मिळवावयाची आहेत.