कृत्रिम बुद्धिमत्ता आणि राष्ट्रीय सुरक्षा : उत्तरदायित्वाचा प्रश्न

राष्ट्रीय सुरक्षेच्या चर्चेत कृत्रिम बुद्धिमत्तेचे समर्थन प्रामुख्याने वेगाच्या आधारे केले जाते. सीमेवरील टेहळणी, उपग्रहचित्रांचे विश्लेषण, सायबर हल्ल्यांचा शोध या कार्यांपुरते ते ग्राह्य आहे. मात्र शस्त्र चालविण्याच्या निर्णयालाही तोच निकष लावणे सदोष ठरते.

२६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत संघाच्या पूर्वसूचना यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो खोटा मानला व तो खोटाच ठरला. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाची फसगत झाली होती. याउलट २००३ च्या इराक युद्धात बहुतांशी स्वयंचलित असलेल्या अमेरिकी पॅट्रियट यंत्रणेने मित्रराष्ट्र ब्रिटनचे टोर्नेडो विमान क्षेपणास्त्र समजून पाडले. विमानातील दोघेही मृत्युमुखी पडले. या यंत्रणा आजच्या अर्थाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्हत्या. तथापि यंत्राच्या निष्कर्षावर शंका घेण्यास माणसाला अवसर असणे किती निर्णायक असते, हे त्यांवरून स्पष्ट होते.

भारतात २०१८ मध्ये एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली कार्यदल नेमले गेले, २०१९ मध्ये संरक्षण कृत्रिम बुद्धिमत्ता परिषद स्थापन झाली आणि जुलै २०२२ मध्ये ७५ उत्पादने सादर करण्यात आली. परंतु उत्पादनांची संख्या म्हणजे सज्जता नव्हे. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडले. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा संबंध नव्हता. पाकिस्तानने प्रतिहल्ला न करता निषेध नोंदविला. भारताने चौकशीअंती विहित कार्यपद्धतीचे उल्लंघन केल्याबद्दल तीन अधिकाऱ्यांना सेवामुक्त केले. चूक कोणाची, हे ठरविता आले, कारण प्रत्येक टप्प्यावर जबाबदार व्यक्ती होती. ज्या यंत्राच्या निर्णयाची कारणमीमांसा त्याच्या रचनाकारालाही पूर्णपणे करता येत नाही, त्याच्या चुकीसाठी कोणाला जबाबदार धरावयाचे? रचनाकाराला, यंत्र चालविणाऱ्या सैनिकाला, की ते स्वीकारणाऱ्या शासनाला?

क्षेपणास्त्र काही मिनिटांत पोहोचेल इतके शेजारी राष्ट्र निकट असल्याने यंत्राची गती अपरिहार्य आहे, असा प्रतिवाद संभवतो. परंतु जेथे चूक सुधारण्यास अवधीच नाही, तेथे ती सर्वाधिक महाग पडते. म्हणून यंत्र थांबविण्याचा अधिकार कोणाचा आणि त्याच्या चुकीचे उत्तरदायित्व कोणाचे, हे ते सैन्यात दाखल होण्यापूर्वीच लेखी निश्चित होणे आवश्यक आहे. अन्यथा वाढलेला वेग हा सामर्थ्याचा नव्हे, तर असुरक्षिततेचाच स्रोत ठरेल.