गंगाधरपंतांचे दुसरे जग

थोर खगोलशास्त्रज्ञ आणि फावल्या वेळी विज्ञानकथा लिहिणारे गृहस्थ, असे डॉ. जयंत नारळीकरांचे वर्णन सर्रास केले जाते. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. आता त्यांच्या साहित्याकडे आदराचा हार बाजूला ठेवून पाहण्याची वेळ आली आहे. त्यांच्या शास्त्रावर मत देण्याचा माझ्यासारख्या शाळामास्तराला अधिकार नाही; पण कथेवर बोलण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला असतो.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठविली. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. परीक्षकांनी नाव नव्हे, कथा पाहावी, एवढीच त्यांची इच्छा. त्या इच्छेचा मान राखूनच येथे एका कथेची चर्चा करतो. ती म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. एन. सी. ई. आर. टी. च्या अकरावीच्या पुस्तकातून ती 'द ॲडव्हेंचर' या नावाने इंग्रजीतून देशभरच्या मुलांपर्यंत पोचली. आपल्याकडच्या मुलांनी मात्र ती मुळातून, मराठीतून वाचावी.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निसटून गेली. पुढचा सारा इतिहास त्या दोन बोटांच्या अंतराने बदलला. पंत परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचे एक फाटके पान असते. त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे या कोड्याचा उलगडा पुंजवादाच्या आधारे करतात. बंदुकीची गोळी कुठे जाईल हे सांगता येते. इलेक्ट्रॉन कुठे जाईल हे नेमके सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. मग त्या सर्व शक्यता वेगवेगळ्या जगांत खऱ्या होत असतील तर? १९५७ साली ह्यू एव्हरेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलेली बहुविश्वांची कल्पना ती हीच.

येथे पहिला आक्षेप घ्यावासा वाटतो. इलेक्ट्रॉनची अनिश्चितता शिशाच्या गोळीला जशीच्या तशी लागू होत नाही. असंख्य अणूंनी बनलेल्या वस्तूत ती इतकी सूक्ष्म होते की तिचा मागमूस उरत नाही. राजेंद्रचा उलगडा ही सिद्धता नव्हे, ती सुंदर अटकळ आहे. आणि लेखकाला हे ठाऊक असावे. म्हणूनच तो उलगडा निवेदक करीत नाही, एक पात्र करते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नारळीकरांची पात्रे कित्येकदा फळ्यापुढे उभी असल्यासारखी बोलतात. त्या दुसऱ्या जगातल्या मुंबईत पंत आपल्या मुलाची, विनयची, चौकशी करतात. त्या नावाचा कोणी तिथे नोकरीला नाही, असे उत्तर मिळते. कदाचित तो जन्मलाच नसेल, असा विचार पंतांच्या मनात येतो आणि ते आभार मानून बाहेर पडतात! पानिपत जिंकल्याच्या जगात आपला मुलगा नाही, हे कळलेला बाप पुढे ग्रंथालयात जाऊन पुस्तके चाळतो. दुसऱ्या एखाद्या कथाकाराने याच जागी कथा थांबविली असती. नारळीकर तीवरून पुढे जातात, ही त्यांच्या कलेची मर्यादा मानावी लागते.

मात्र ते फाटके पान विसरता येत नाही. स्वप्न पडले म्हणून पंत समाधान मानीत नाहीत. पुरावा पुढे ठेवतात. लेखकाचे उभे आयुष्य याच सवयीचे आहे. जीवसृष्टी अंतराळातून आली असेल काय, या प्रश्नावर नुसता वाद न घालता २००१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह आपल्या शेजारच्या हैदराबादेहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणविले. २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली. २७ ज्योतिष्यांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडविण्याहून कमीच.

यावर कोणी विचारील, बहुसंख्य शास्त्रज्ञांनी महास्फोटाचा सिद्धान्त मान्य केल्यावरही जो विरुद्ध बाजूस उभा राहिला, त्याने ज्योतिष्यांना का हटकावे? उत्तर सोपे आहे. फ्रेड हॉइल यांच्यासह मांडलेले आपले म्हणणे ते निरीक्षणाच्या कसोटीला लावीत राहिले. १९६५ साली वैश्विक प्रारणाचा शोध लागल्यावर ते अडचणीत आले, आणि १९९३ साली त्यांनी ते बदललेल्या रूपात पुन्हा मांडले. ते बहुतेकांना पटले नाही. पण चूक ठरण्याची तयारी ठेवून एकटे उभे राहणे वेगळे आणि कसोटीच नाकारणे वेगळे.

आता आपल्यापुरते. भाऊसाहेब पानिपताकडे निघाले ते १७६० साली उदगीरची लढाई जिंकून. ते उदगीर १९५६ पर्यंत आपल्याच बीदर जिल्ह्यात होते. त्या वर्षी रेघ ओढली गेली, उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. 'रेघ जरा अलीकडे पडली असती तर' हे आपल्या ओसरीवरचे गंगाधरपंतांचे पानिपतच आहे. ते दुःख खोटे आहे असे मी म्हणणार नाही. भाषेचे हक्क मागितलेच पाहिजेत, तेही कागदपत्र हातात घेऊन. पण त्या दुसऱ्या जगात आपल्या घरची कन्नड बोलणारी सून असेल काय? दोन भाषांत भांडणारी आणि एका भाषेत रडणारी आपली नातवंडे असतील काय? लेखक ज्या विनयपाशी थांबला नाही, तिथे सीमाभागातल्या वाचकाने थांबावे. जिंकलेल्या जगाची किंमत तिथे लिहिली आहे.

पंत शेवटी पानिपतावरच्या परिसंवादाचे अध्यक्षपद नाकारतात. हरलेल्या लढाईची भाषणे त्यांना पुरे झालेली असतात. ज्या जगात परत आलो, तिथली कामे शिल्लक असतात.