रंगनामांची चाळणी

बर्लिन आणि के यांचे रंगनामांवरील १९६९ चे पुस्तक ९८ भाषांचा दाखला देते. प्रत्यक्ष चाचणी मात्र २० भाषांचीच, तीही बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्यांची. शंका आल्यास वस्तूवरून आलेले किंवा नुकतेच उसने घेतलेले नाव त्यांच्या मते संशयित. आता ‘तांबडा’ तांब्यावरून, ‘लाल’ फारसीतून. चाळणी कडक लावली तर मराठीला कुंकवाचा रंगच उरणार नाही! इटालियन ‘ब्लू’ फ्रेंचमधला, ‘अझ्झुर्रो’चे मूळही फारसीत, तरी अनेक इटालियन हे दोन वेगळे रंग मानतात. त्यापेक्षा लेखकांचाच दुसरा निकष बरा : एक रंग दुसऱ्यात सामावता कामा नये. जेसल पार्कच्या खाडीकाठी मुलांना विचारून पाहा, ‘आकाशी’ हा निळ्याचाच प्रकार का? उत्तरे लिहूनच घ्या; तोंडी विचारले तर सगळे पहिल्याचीच री ओढतात.