धांड्याची गाडी आणि काडेपेटीचा त्रिकोण

मुखेडसारख्या गावात लहानपण गेलेली माणसे एकत्र बसली की जुन्या खेळण्यांचा विषय निघतोच. ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी, पोळ्याचे मातीचे बैल, आंब्याच्या कोयीची पिपाणी, जुन्या टायरचा गाडा. ‘आताच्या पोरांना हे कुठले?’ या उद्गारावर गप्पा संपतात. शिक्षकाने मात्र तिथून पुढे विचार करायला हवा. त्या खेळण्यांत नेमके चांगले काय होते?

हा प्रश्न मनात ठेवून अरविंद गुप्ता यांचे ‘मॅचस्टिक मॉडेल्स अँड अदर सायन्स एक्सपेरिमेंट्स’ पुन्हा वाचावे. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले गुप्ता १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. त्या अनुभवातून हे पुस्तक आले.

साहित्य साधे : काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोनही ठरतात. चौकोनाचे ठरत नाहीत. कर्णावर एक लांब काडी बसवली की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तो ताठ उभा राहतो. छपराच्या लोखंडी कैचीतही हेच तत्त्व असते. आमची धांड्याची गाडी डगमगू लागली की आम्हीही तिरकी काडी खोचत असू. ‘असे का?’ हे मात्र कोणी विचारले नाही. तो प्रश्न हे पुस्तक विचारायला लावते, हे त्याचे मोठे बळ.

तरी दोन गोष्टी खटकतात. पहिली, कृती पायरीपायरीने दिलेली आहे. वर्गातल्या सगळ्यांनी ती तशीच उतरवली तर चाळीस सारखे नमुने तयार होतात, विचार एकाचाही होत नाही. आमची गाडी मोडत असे, म्हणून आम्ही शिकत होतो.

दुसरी गोष्ट पुस्तकापेक्षा त्याच्या चाहत्यांची. ‘टाकाऊतून विज्ञान’ ही शाळेला प्रयोगशाळा न देण्याची सबब होऊ नये. होशंगाबादचा कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. त्यामागे शिक्षकांचे प्रशिक्षण होते, शाळांना साहित्यसंच होते, पुस्तक उघडे ठेवून द्यायची परीक्षा होती. २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. साहित्य स्वस्त असले तरी व्यवस्था फुकट उभी राहत नाही, आणि टिकतही नाही.

आठवणींबाबतही थोडे प्रामाणिक राहू. आपण धांड्याची गाडी केली ती हौसेने, पण दुकानातली गाडी परवडत नव्हती म्हणूनही. आणि भोवरा बहुतेक मुलग्यांच्याच हाती असे. बहिणी पाहत उभ्या राहत.

तेव्हा उद्या वर्गात मुलामुलींच्या हाती काड्यांचा कलणारा चौकोन द्या आणि एवढेच म्हणा, ‘हा ताठ करून दाखवा.’ उत्तर सांगू नका.